ग्राफीनमधले वाहक मोजताना या चुका टाळा

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकाच अणूच्या जाडीचा थर. त्याच्या जवळपास प्रत्येक विद्युत गुणधर्मामागे एकच आकडा असतो: एका चौरस सेंटिमीटरमध्ये विद्युतभाराचे वाहक किती, आणि ते इलेक्ट्रॉन आहेत की होल (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, जी धनभारासारखी वागते). रोध त्यावर ठरतो. हॉल व्होल्टेजचं (चुंबकक्षेत्रात प्रवाहाला आडवं उमटणाऱ्या व्होल्टेजचं) चिन्ह त्यावर ठरतं. रामन वर्णपटातली (लेझरचा प्रकाश पाडून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातली) शिखरं त्याच्यामुळे सरकतात, आणि अवरक्त किरण शोषले जाणार की आरपार जाणार हेही तोच ठरवतो. पंचाईत एवढीच की वाहक-घनतेचा हा आकडा कुठल्याच मीटरवर थेट दिसत नाही. तो गेट व्होल्टेजवरून, हॉल मापनावरून किंवा रामनवरून काढावा लागतो आणि यातल्या प्रत्येक वाटेवर काही ना काही गृहीत धरलेलं असतं. गृहीतक मोडलं तरी आकडा मिळतच राहतो, तोही चार दशांश स्थळांपर्यंत. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

आधी मांडणी ठरवून घेऊ. ३०० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन डायऑक्साइडवर ग्राफीनचा एक थर आणि खालचं भरपूर डोप केलेलं (अशुद्धी मिसळून वाहक वाढवलेलं) सिलिकॉन हेच गेट, म्हणजे व्होल्टेज देऊन ग्राफीनमधले वाहक कमी-जास्त करणारं टोक. आंद्रे गाइम आणि कोन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांच्या मँचेस्टरमधल्या गटाने २००४ मध्ये अशाच मांडणीत दाखवलं की नुसतं गेट फिरवून वाहक होलांचे इलेक्ट्रॉन करता येतात. या ऑक्साइडची धारिता चौरस सेंटिमीटरला सुमारे ११.५ नॅनोफॅरड भरते. म्हणजे गेटच्या एका व्होल्टमागे चौरस सेंटिमीटरला साधारण ७,२०० कोटी वाहक. (शोधनिबंधांत हे आकडे दहाच्या घातांत असतात. मी इथे कोटींत लिहितो आहे. १ लाख कोटी म्हणजे दहाचा बारावा घात. पुढे घनतेचा प्रत्येक आकडा चौरस सेंटिमीटरलाच समजावा.) ऑक्साइड २८५ नॅनोमीटरचा असेल तर हाच आकडा ७,६०० कोटी होतो आणि ९० नॅनोमीटरचा असेल तर २४,००० कोटी. पुरवठादाराच्या पत्रकावर एक जाडी आणि हिशोबाच्या फाइलमध्ये जुन्या वेफरची दुसरीच, हा प्रकार वाटतो त्याहून जास्त वेळा सापडतो.

गेट शून्यावर म्हणून वाहक शून्य?

पुस्तकातलं ग्राफीन गेट शून्यावर असताना तटस्थ असतं. टेबलावरचं क्वचितच असतं. रोध सर्वांत जास्त असलेला बिंदू, म्हणजे डिराक बिंदू, हवेत ठेवलेल्या नमुन्यात बहुधा धन बाजूला सरकलेला दिसतो. समजा तो २८ व्होल्टवर आहे. मग गेट शून्यावर असताना त्या थरात सुमारे २ लाख कोटी होल आधीपासूनच बसलेले आहेत आणि फर्मी ऊर्जा (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले आहेत ती पातळी) डिराक बिंदूच्या खाली जवळपास ०.१६५ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. अशा नमुन्याचा ‘शून्य गेटवरचा रोध’ दुसऱ्या नमुन्याशी ताडून ‘हा चांगला, तो वाईट’ म्हणणं निरर्थक आहे. दोघांतले वाहकच सारखे नाहीत. तुलना करायची तर दोन्हीकडे डिराक बिंदूपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे सारख्याच घनतेवर करा.

हे होल आले कुठून? हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन हे नेहमीचे संशयित. तांब्यावर वाढवलेलं ग्राफीन ओल्या पद्धतीने उचललं असेल तर तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाचे अवशेषही त्यात आले. ग्राफीन उचलताना आधाराला लावलेल्या पीएमएमए या प्लॅस्टिकचा जो पातळ थर ॲसिटोनने ‘पूर्ण’ निघाला असं आपण म्हणतो, तो पूर्ण कधीच निघत नाही. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनमध्ये गोष्ट उलटी असते. तिथे खालच्या थराकडून इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्यांची संख्या १० लाख कोटींच्या घरात जाऊ शकते.

यावर सगळ्यांचा उपाय एकच: ॲनील करा, म्हणजे तापवा. उपाय बरोबर आहे, पण अर्धा. निर्वातात तापवल्यावर पाणी आणि ऑक्सिजन निघून जातात, डिराक बिंदू शून्याकडे येतो आणि मोजणारा खूश होतो. मग नमुना हवेत काढून दुसऱ्या प्रोब स्टेशनवर नेला की डिराक बिंदू आधीपेक्षाही लांब धन बाजूला गेलेला दिसतो. तापवल्यामुळे ग्राफीन ऑक्साइडच्या खडबडीत पृष्ठभागाला जास्त घट्ट चिकटतं आणि हवेतल्या रेणूंचा परिणाम त्यावर वाढतो. तेव्हा ॲनील जिथे केलं तिथेच, निर्वात न मोडता मोजता येत असेल तरच त्याचा खरा फायदा आहे. नाहीतर हेक्झॅगोनल बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये ग्राफीन बंद करून टाका. कटकट बरीच आहे, पण आज चांगली मोजमापं बहुतेक तशीच होतात.

जाताना एक आलेख, येताना दुसरा

गेट उणे ६० वरून अधिक ६० पर्यंत नेलं तर डिराक बिंदू एका जागी, परत आणलं तर दुसऱ्याच जागी. यावर सर्वांत वाईट तोडगा म्हणजे फक्त एकाच दिशेने मोजणं आणि आलेख छापून मोकळं होणं. तसं केल्याने हिस्टेरिसिस (जाता-येतानाच्या आलेखांतला हा फरक) जात नाही, दिसेनासा होतो.

डिराक बिंदू कोणत्या बाजूला सरकतो हे नीट पाहा, कारण दोषाचा पत्ता त्यातच असतो. गेट धन असताना ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधल्या किंवा पृष्ठभागावरच्या पाण्यातल्या सापळ्यांत अडकतात. परतीच्या फेरीत हा अडकलेला ऋणभार गेटच्या विरोधात काम करतो आणि डिराक बिंदू धन बाजूला जातो. येतानाचा बिंदू जातानाच्या उजवीकडे असेल तर बहुधा सापळे. डावीकडे असेल तर पृष्ठभागावर फिरणारे आयन किंवा वळणारे ध्रुवीय रेणू गेटला मदत करताहेत असं समजा. पहिल्यात नमुना कोरडा करणं आणि पृष्ठभाग जलविरोधी करणं उपयोगी पडतं. दुसऱ्यात धुण्याच्या पायऱ्या तपासाव्या लागतात.

मग गेट फिरवण्याचा वेग बदलून बघा. सापळे संथ असतात. वेग वाढवल्यावर दोन आलेखांतलं अंतर बदललं तर तुम्ही काढलेली ‘वाहक-घनता’ ही गेटइतकीच घड्याळावरही अवलंबून आहे. अशा नमुन्यात धारितेवरून घनता काढू नका, हॉलवरून काढा. गेटची व्याप्तीही उगाच मोठी ठेवू नका. डिराक बिंदूच्या दोन्ही बाजूंना २० व्होल्ट पुरत असतील तर ८० पर्यंत ताणून सापळे भरण्यात काय हशील?

तटस्थ बिंदू रिकामा नसतो

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. डिराक बिंदूवर अवस्था-घनता (इलेक्ट्रॉनांना उपलब्ध जागांची संख्या) शून्य, म्हणून वाहक शून्य, म्हणून वाहकता शून्य, असं तर्काने वाटतं. प्रत्यक्षात वाहकता एका किमान मूल्यावर येऊन थांबते. ऑक्साइडवरच्या नमुन्यांत हे मूल्य वाहकतेच्या क्वांटम एककाच्या चौपटीच्या आसपास असतं, म्हणजे चौरसामागे रोध साधारण साडेसहा हजार ओम.

कारणं दोन. पहिलं उष्णता: आदर्श स्वच्छ ग्राफीनमध्येसुद्धा खोलीच्या तापमानाला सुमारे ८,००० कोटी इलेक्ट्रॉन आणि तितकेच होल निव्वळ उष्णतेने तयार होतात. दुसरं म्हणजे डबकी. ऑक्साइडमधल्या आणि पृष्ठभागावरच्या भारित अशुद्धींमुळे ग्राफीनमधलं विभव जागोजागी वरखाली होतं. सरासरी शून्य असली तरी एका जागी इलेक्ट्रॉनांचं डबकं असतं आणि थोडं पुढे होलांचं. २००८ मध्ये एकल-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर नमुन्यावरून फिरवून ही डबकी प्रत्यक्ष टिपली गेली. ऑक्साइडवर त्यांची घनता १०,००० कोटींच्या घरात जाते. बोरॉन नायट्राइडवर ती कितीतरी कमी होते.

आता यामुळे मोबिलिटीच्या (वाहक विद्युतक्षेत्रात किती सहज धावतात याच्या) हिशोबाचं काय होतं ते आकड्यांत पाहा. सरळ पद्धत अशी की वाहकतेला वाहक-घनता आणि इलेक्ट्रॉनाचा भार यांच्या गुणाकाराने भागायचं. डिराक बिंदूपासून अर्ध्या व्होल्टवर धारितेनुसार घनता येते ३,६०० कोटी. वाहकता मात्र किमान मूल्यालाच चिकटलेली आहे. भागाकार केला की मोबिलिटी जवळपास २७,००० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. आणखी जवळ, दशांश व्होल्टवर या, की तीच १,३४,०००. आणखी जवळ गेलात तर अनंत. नमुना तोच, अशुद्धी त्याच, सुधारलं काहीच नाही. छेदातली घनता खोटी आहे, कारण खरे वाहक डबक्यांतून येताहेत आणि ते हिशोबात धरलेलेच नाहीत. ‘कमाल मोबिलिटी’ म्हणून असा आकडा कुठे दिसला तर तो कोणत्या घनतेवर काढला हे आधी विचारा. घनतेचा उल्लेखच नसेल तर मी तरी तो आकडा सोडून देतो.

बरोबर वाट कोणती? वाहकता आणि घनता दोन्ही लॉग अक्षांवर काढा. डिराक बिंदूजवळ रेषा आडवी असते, मग एका ठिकाणी वळून चढायला लागते. ते वळण म्हणजे तुमच्या नमुन्यातली अवशिष्ट घनता. त्याच्या किमान काही पट पुढे जाऊनच मोबिलिटी काढा. किंवा पूर्ण आलेखाला असं सूत्र बसवा ज्यात एकूण घनता ही अवशिष्ट आणि गेटने आणलेल्या घनतेच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असते. अवशिष्ट घनता, मोबिलिटी आणि संपर्करोध (धातूची तार ग्राफीनला भिडते तिथला रोध) तिन्ही त्यातून एकदम निघतात. मात्र इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या बाजू वेगवेगळ्या बसवा. दोन्हींना एकच मोबिलिटी लादली की सूत्र बसल्यासारखं दिसतं आणि तिन्ही आकडे थोडे थोडे चुकतात.

हॉल मापनही इथे फसवतं. एकाच प्रकारचे वाहक असतील तर हॉल गुणांकाच्या व्यस्तावरून घनता मिळते. डबक्यांच्या पट्ट्यात दोन्ही प्रकार एकत्र असतात, त्यांची हॉल व्होल्टेजं एकमेकांना खोडतात आणि तटस्थ बिंदूवर गुणांक शून्यातून चिन्ह बदलतो. शून्याचा व्यस्त घेतला तर घनता आभाळाला भिडणारच. नेमके जिथे वाहक सर्वांत कमी, तिथे हॉलने सर्वांत जास्त दाखवले तर मीटर बिघडलेला नाही, सूत्र चुकीच्या जागी वापरलं आहे. दूरच्या भागात मात्र हॉल हा फार चांगला साक्षीदार. तिथे हॉलने दिलेली घनता गेट व्होल्टेजसमोर मांडा. सरळ रेषा आली आणि तिचा चढ व्होल्टमागे ७,२०० कोटींच्या जवळ असला तर धारिता बरोबर. चढ बराच कमी आला तर ऑक्साइडची जाडी, गेटची गळती आणि सापळे या क्रमाने तपासा.

दोन तारांनी मोजलेली मोबिलिटी

उदाहरण सोपं आहे. लांबी-रुंदी सारखी असलेला तुकडा, २ लाख कोटी घनता, खरी मोबिलिटी ५,२००. त्याचा रोध ६०० ओम. दोन्ही धातुसंपर्कांचा मिळून ८०० ओम. दोन तारांनी मोजलं तर १,४०० ओम दिसतात आणि मोबिलिटी २,२०० निघते. शिवाय संपर्करोध घनतेनुसार बदलतो, त्यामुळे एकदा काढलेला आकडा सगळीकडे वजा करूनही सुटका होत नाही. चार तारा वापरा. तेवढी जागा नसेल तर वेगवेगळ्या लांबीचे तुकडे करून मोजा.

आलेखाची एक बाजू दुसरीपेक्षा बसकी का, या प्रश्नाचं उत्तरही बरेचदा संपर्कातच असतं. धातू आपल्याखालच्या ग्राफीनला डोप करतो. त्याच्याखाली होल आणि मधल्या भागात गेटने आणलेले इलेक्ट्रॉन अशी स्थिती आली की मध्ये पी-एन संधी (होलांचा आणि इलेक्ट्रॉनांचा भाग भेटतात ती सीमा) तयार होते आणि त्या बाजूचा रोध वाढतो. इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या विकिरणात मूळचा फरक आहे असा निष्कर्ष काढण्याआधी चार तारांनी मोजून ती असमानता उरते का ते पाहा.

सिलिकॉनच्या सवयी

अर्धवाहकांचा अभ्यास करून आलेले लोक काही सूत्रं हातासरशी लावतात. प्रभावी वस्तुमान हे स्थिरांक म्हणून टाकणं ही त्यातली पहिली. ग्राफीनमध्ये ऊर्जा आणि संवेग यांचं नातं सरळ रेषेचं आहे, फर्मी वेग सेकंदाला साधारण १० लाख मीटर, आणि सायक्लोट्रॉन वस्तुमान वाहक-घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. १ लाख कोटींवर ते इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.०२ पट असतं. मँचेस्टर आणि कोलंबिया इथल्या गटांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवलं. फर्मी ऊर्जाही वर्गमुळाप्रमाणेच जाते: वाहक चौपट केले तर ऊर्जा दुप्पट. १ लाख कोटींना ती ०.११७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एवढं पाठ असलं की बाकीचं तोंडी करता येतं.

दुसरी सवय म्हणजे ‘डोपिंग केलं की बँडगॅप (इलेक्ट्रॉनांना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा) उघडेल’ ही आशा. गेटने किंवा पृष्ठभागावरच्या रेणूंनी वाहक वाढवले तर फर्मी पातळी सरकते, गॅप उघडत नाही. एका थराच्या ट्रान्झिस्टरचं चालू-बंद गुणोत्तर खोलीच्या तापमानाला वाढत नसेल तर वाहक बदलून ते सुटणार नाही. दोन थरांच्या ग्राफीनमध्ये लंब विद्युतक्षेत्राने पाव इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गॅप उघडता येतो, पण ती यंत्रणाच निराळी.

आणि वाहक फुकट मिळत नाहीत. मेरीलँड विद्यापीठात २००८ मध्ये अतिनिर्वातात ग्राफीनवर पोटॅशियमचे अणू थोडे थोडे टाकत मोजमाप केलं गेलं. प्रत्येक मात्रेबरोबर इलेक्ट्रॉन वाढले, डिराक बिंदू ऋण बाजूला गेला आणि मोबिलिटी पडत गेली. इलेक्ट्रॉन देऊन मागे राहिलेला आयन वाहकांना विचलित करतो. ढोबळ हिशोब म्हणून लक्षात ठेवा: ऑक्साइडवर १ लाख कोटी भारित अशुद्धी असतील तर मोबिलिटी ५,००० च्या आसपास येते. वाहक वाढवायचे आणि मोबिलिटीही टिकवायची तर गेट वापरा, रसायन नको.

मोबिलिटी घनतेनुसार कशी बदलते याकडेही लक्ष असू द्या. भारित अशुद्धी वरचढ असतील तर वाहकता घनतेच्या प्रमाणात सरळ वाढते. रेषा वरच्या टोकाला वाकून सपाट होत असेल तर आखूड पल्ल्याचे दोष किंवा संपर्करोध. चार तारांनीही ती वाकत असेल तर दोष ग्राफीनमधलेच आहेत.

द्रवाचं गेट वापरताना

३०० नॅनोमीटरच्या ऑक्साइडसाठी शिकलेला हिशोब आयनिक द्रवाला (नुसत्या आयनांनी बनलेल्या द्रवाला) किंवा अगदी पातळ डायइलेक्ट्रिकला (विद्युतरोधक थराला) जसाच्या तसा लावू नका. ग्राफीनची स्वतःची क्वांटम धारिता (अवस्था-घनता मर्यादित असल्यामुळे येणारी) १ लाख कोटी घनतेवर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.७ मायक्रोफॅरड असते आणि ती गेटच्या धारितेशी एकसरीत जोडलेली असते. ११.५ नॅनोफॅरडपुढे ती इतकी मोठी आहे की कुणाच्या लक्षातही येत नाही. द्रवाची धारिता कित्येक मायक्रोफॅरड असते. तिथे क्वांटम धारिताच लहान पडते आणि एकूण हिशोब तीच चालवते. शिवाय ती डिराक बिंदूजवळ घटते, म्हणून दर व्होल्टमागचे वाहक स्थिर राहत नाहीत. या मांडणीत घनता हॉलवरूनच घ्या.

रामनचं गुणोत्तर आणि थरांची संख्या

ग्राफीनच्या रामन वर्णपटातली दोन मुख्य शिखरं म्हणजे ‘जी’ आणि ‘२डी’. ‘२डी’ शिखर ‘जी’ शिखरापेक्षा उंच नाही, म्हणजे एक थर नाही, असा निवाडा झटकन दिला जातो. पण वाहक वाढले की हे गुणोत्तर एका थरातही उतरतं. थर ठरवायचे तर ‘२डी’ शिखराचा आकार पाहा: एका थरात ते एकाच लोरेंझियनमध्ये (एकेरी घंटेसारख्या वक्रात) बसतं. (नेमके एकावर एक न बसता एकमेकांच्या तुलनेत वळलेल्या थरांतही ते एकेरी दिसू शकतं, तेव्हा सूक्ष्मदर्शकातला प्रकाशीय कॉन्ट्रास्टही ताडून पाहावा.)

‘जी’ शिखर १,५८० प्रति सेंटिमीटरच्या वर सरकलं म्हणून लगेच डोपिंगचा आकडाही काढू नका. ते इलेक्ट्रॉनांनीही वर जातं, होलांनीही जातं आणि ताण पडल्यावरही सरकतं. एकाच नमुन्यावर बऱ्याच जागी मोजून ‘२डी’ची जागा ‘जी’समोर मांडा. ठिपके सुमारे २.२ च्या चढाने पसरले तर ताण, ०.७ च्या आसपास पसरले तर होल. जोडीला ‘जी’ची रुंदी बघा. वाहक वाढले की ती अरुंद होते, नुसत्या लहान ताणाने होत नाही.

थंड केल्यावर गेट गप्प

खोलीत गेट उत्तम चालतं, द्रव हेलियमच्या तापमानाला ग्राफीन गेटकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्राफीनला दोष देण्याआधी वेफरची रोधकता बघा. सिलिकॉन कमी डोप केलेलं असेल तर त्यातले वाहक थंडीत गोठतात आणि गेट नावापुरतं उरतं. वेफर घेताना ०.०१ ओम-सेंटिमीटर किंवा त्याहून कमी रोधकतेचा घ्या. हातातला नमुना कमी डोप केलेल्या वेफरवरच असेल तर गेट बदलताना थोडा वेळ लहान एलईडीचा प्रकाश टाकून पाहा, सिलिकॉनमध्ये वाहक तयार होऊन गेट पुन्हा काम करू लागतं. प्रकाशाने ऑक्साइडमधला अडकलेला भारही हलतो, म्हणून त्यानंतर डिराक बिंदू नव्याने मोजून घ्या.